धूर दिसला नाही म्हणून विस्तवच नाही, असं कसं?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या कोल्हापुरात एका कॉलेजात दोन दिवसांची परिषद झाली. विषय होता तत्त्वज्ञान आणि कॉम्प्युटर. कॉलेजचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही कारण माझं भांडण त्या कॉलेजशी नाहीये, उलट असा विषय कोल्हापुरात कुणीतरी घेतला याचाच मला एवढा आनंद झाला की दोन्ही दिवस दुकान बंद ठेवून मी जाऊन बसलो. माझं राजारामपुरीत ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं सेंटर आहे, उत्पन्नाचा दाखला, आधार अपडेट, पेन्शन, शिष्यवृत्ती, पीक विमा, सगळं. पंचवीस वर्षांपूर्वी मी तत्त्वज्ञान घेऊन बीए केलं, तेव्हा घरच्यांनी विचारलं होतं की याचा उपयोग काय. उपयोग रोज होतो, कसा ते बोटाचा ठसा जुळेना म्हणून पेन्शन थांबलेल्या एका आजींच्या गोष्टीतून याच पत्रात सांगतो.

परिषदेत बरंच चांगलं ऐकायला मिळालं. एका मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं की हे दोन विषय आज नव्यानं भेटत नाहीयेत, कॉम्प्युटरचा जन्मच मुळी तत्त्वज्ञानाच्या घरात झालाय. ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंगचा "यंत्रं विचार करू शकतात का" हा गाजलेला लेख १९५० साली 'माइंड' मध्ये छापून आला, आणि 'माइंड' हे तत्त्वज्ञानाचं नियतकालिक. त्याआधी १८५४ मध्ये जॉर्ज बूलनं विचारांचे नियम बीजगणितात मांडले, ज्यावर आजची प्रत्येक चिप चालते. त्याच्याही आधी जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ, ज्यानं १७०३ मध्ये शून्य आणि एकची गणनपद्धत छापली आणि ज्याचं स्वप्न होतं की दोन माणसांचा वाद झाला तर भांडायचं नाही, बसून हिशोब करायचा. बूलच्या बरोबरीनं तर्कशास्त्र गणितात आणणारा डी मॉर्गन तर आपल्याकडं मदुराईत जन्मलेला, १८०६ साली. आणि अशा परिषदांची परंपराही जुनी आहे, अमेरिकेत क्लीव्हलँड स्टेट युनिव्हर्सिटीत १९८६ पासून त्या सुरू झाल्या, तेव्हा भर होता तो लॉजिक शिकवायला कॉम्प्युटर कसा वापरायचा यावर, मग हळूहळू मन, नीती, ज्ञान सगळंच त्यात आलं आणि २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना झाली. मी वहीत भराभर लिहून घेत होतो, लई वर्षांनी वर्गात बसल्यासारखं वाटलं.

मग दुसऱ्या दिवशी दुपारी एक तरुण प्राध्यापक अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन सर्लच्या 'चायनीज रूम' वर बोलले. १९८० चा विचारप्रयोग आहे. एका खोलीत एक माणूस बसलाय, त्याला चिनी भाषेतलं अक्षर कळत नाही, पण त्याच्याकडं नियमांचं पुस्तक आहे, बाहेरून चिनीत प्रश्न येतो, हा पुस्तकात बघून चिन्हं जुळवतो आणि बरोबर उत्तर बाहेर देतो. बाहेरच्याला वाटतं आत चिनी येणारा माणूस आहे. मग त्याला चिनी कळतं का? माझ्या डोळ्यासमोर लगेच आमची सगळी सेंटरं आली. इंग्रजी फॉर्म भरणारी कितीतरी पोरं आहेत ज्यांना त्या वाक्यांचा अर्थ कळत नाही पण कुठल्या रकान्यात काय टाकलं की फॉर्म पुढं जातो हे पाठ आहे, आणि ती हजारो फॉर्म बिनचूक भरतात. चूक तेव्हाच होते जेव्हा समोरच्या माणसाची अडचण नियमात बसत नाही. तिथं अर्थ लागतो. हे मला उठून बोलायचं होतं पण प्रश्नोत्तराची वेळ संपली असं जाहीर झालं आणि सगळे चहाला गेले.

याच सत्रात अजून एक गोष्ट झाली ती लिहायलाच पाहिजे. एका वक्त्यांनी सांगितलं की संस्कृत ही कॉम्प्युटरसाठी जगातली सर्वात योग्य भाषा आहे हे नासानंच मान्य केलंय. टाळ्या पडल्या. हे आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतंय, पण मूळ गोष्ट एवढीच आहे की १९८५ मध्ये रिक ब्रिग्ज नावाच्या नासातल्या एका संशोधकानं 'एआय मॅगझिन' मध्ये एक लेख लिहिला, त्यात संस्कृत वैयाकरणांची वाक्याचा अर्थ फोडून मांडायची पद्धत आणि एआयमधली, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेतली, ज्ञान मांडायची पद्धत यांचं साम्य दाखवलं. नासानं काही ठराव केला नाही. आणि मला खरं वाईट याचं वाटतं की या खोट्या टाळीमुळं खरी मोठी गोष्ट झाकली जाते. पाणिनीनं जवळपास चार हजार सूत्रांत अख्खी भाषा बांधली. अच् म्हटलं की सगळे स्वर, हल् म्हटलं की सगळी व्यंजनं, एका छोट्या खुणेत अख्खा गट, आणि कुठला नियम कुठल्या नियमाला बाजूला सारतो याचेही नियम. प्रोग्रामिंग भाषांचं व्याकरण लिहायची जी जॉन बॅकस या संगणकतज्ज्ञाच्या नावाची पद्धत आहे तिला पाणिनीचंही नाव द्यावं असं १९६७ मध्ये पीटर इंगरमननं सुचवलं होतं, आणि तेसुद्धा कसं, तर एका कॉम्प्युटरच्या मासिकाच्या संपादकांना पत्र लिहून! म्हणून माझं म्हणणं, अभिमान बाळगायचा तर वाचून बाळगूया.

आता मूळ मुद्द्यावर येतो ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं.

माझ्याकडं सुभाषनगरातल्या एक आजी येतात. वय सत्तरीच्या पुढं. मालक साखर कारखान्यात होते, ते गेल्यावर आजींना ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफवाल्या कामगारांच्या पेन्शन योजनेची, विधवा पेन्शन मिळते, हजार-बाराशे रुपये. आजींनी उभा जन्म कोल्हापुरी चपलांच्या वेण्या घातल्या. चामड्याची बारीक वादी बोटांत धरून ओढायची, पीळ द्यायचा, परत ओढायची, चाळीस-पंचेचाळीस वर्षं. त्यांचा उजवा अंगठा मी हातात घेऊन उजेडात धरला तर तो रांगोळीच्या दगडासारखा गुळगुळीत, रेषाच नाहीत. पहिल्या बोटाला एक आडवी चीर आहे, वादीनं पडलेली, ती तेवढी दिसते.

पेन्शन चालू ठेवायला वर्षातून एकदा हयातीचा दाखला लागतो, तो आता डिजिटल झालाय, २०१४ पासून, नाव आहे 'जीवन प्रमाण'. मशीनवर बोट ठेवायचं, आधारशी जुळलं की झालं. मशीन त्या फोटोत रेषा कुठं संपतात, कुठं फुटून दोन होतात असल्या जागा शोधतं आणि आधीच्या ठशाशी ताडून बघतं. आजींचं जुळेना. हात गरम पाण्यानं धुतले, पुसले, थोडं तेल लावलं, दाही बोटं झाली, काच पुसली, मशीन बदललं, दरवेळी तेच, बायोमेट्रिक डेटा डिड नॉट मॅच. त्या आधी दुसरीकडं दोनदा जाऊन आल्या होत्या, मधे चार महिने पेन्शन थांबली. मी एका ऑफिसात त्यांना घेऊन गेलो (तेही नाव लिहीत नाही), तर तिथल्या माणसानं स्क्रीनकडंच बघत सांगितलं की सिस्टीममध्ये हयात दिसत नाहीत. आजी समोरच्या खुर्चीवर बसलेल्या. त्या मला म्हणाल्या, "आरं लेकरा, म्या हितं बसलिया न्हवं? ह्यो मानूस माझ्यासंगं बोलतुया न्हवं? मग म्या न्हाई म्हंजी काय?"

संपादक साहेब, दोन दिवसांच्या परिषदेत यापेक्षा खोल प्रश्न मी ऐकला नाही.

कॉलेजात आमचे सर न्यायदर्शन, म्हणजे आपलं जुनं तर्कशास्त्र, शिकवायचे. त्यात ज्ञानाची चार साधनं, चार प्रमाणं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. प्रत्यक्ष सगळ्यात थोरलं, म्हणजे समोर दिसतंय ते. अनुमान म्हणजे खुणेवरून ओळखणं, डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथं विस्तव असणार, कारण जिथं धूर तिथं विस्तव हे आपण स्वयंपाकघरात बघितलेलं असतं. उपमान म्हणजे सारखेपणावरून ओळखणं. शब्द म्हणजे भरवशाच्या माणसाचं सांगणं. आता आजींची केस या चौकटीत ठेवून बघा. आजी समोर बसल्यात, हे प्रत्यक्ष. शेजारणी सांगतायत या त्याच आहेत, हे शब्द. आणि बोटाचा ठसा जुळणं हे अनुमान, ठसा हा धूर, माणूस हा विस्तव. म्हणजे आपण अशी व्यवस्था केलीय की धाकट्या प्रमाणासमोर थोरलं प्रमाण गप्प बसवलंय. आणि योजनेच्या नावातच प्रमाण शब्द आहे!

याहून मोठी चूक पुढं आहे. जिथं धूर तिथं विस्तव हे खरं, पण जिथं विस्तव तिथं धूर हे खरं नाही. आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, याला ठरलेला दाखला दिलाय, तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. विस्तव आहे, धूर नाही. हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायलाच नको, शिरोली एमआयडीसीत नाहीतर उद्यमनगरात फौंड्रीत काम केलेल्या कुणालाही विचारा, भट्टीतून ओतला जाणारा लालभडक रस कसा असतो. धूर यायला विस्तवाबरोबर ओलं जळण लागतं, ती मधली अट, तिला ते उपाधी म्हणायचे. तसंच ठसा जुळायला नुसता जिवंत माणूस पुरत नाही, त्याच्या बोटांवर रेषा शिल्लक लागतात. चपला करणारा, ऊस तोडणारा, गवंडी, धुणंभांडी करणारी बाई, यांच्या बोटावर ती अटच उरलेली नसते. म्हणजे ज्यांनी हातानं सगळ्यात जास्त काम केलं तेच मशीनला सापडत नाहीत. ठसा जुळला नाही म्हणून माणूस हयात नाही, हे म्हणजे धूर दिसला नाही म्हणून विस्तव नाही म्हणण्यासारखं आहे. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीपासून आपल्याकडं ज्या चुकीला नाव आहे, हेत्वाभास (हेतू म्हणजे खूण, आणि तीच फसवी), ती चूक आम्ही सर्व्हरवर बसवली आणि तिला सिस्टीम म्हणायला लागलो.

आणि इथं मशीनवर राग काढण्यात अर्थ नाही हे मी मुद्दाम सांगतो. मशीन खोटं बोललं नाही. ते एवढंच म्हणालं की जुळत नाही. जुळत नाही इथपासून हयात नाही इथपर्यंतची उडी माणसांनी मारली, कुठंतरी बसून कुणीतरी नियम लिहिला की जुळलं नाही तर पैसे थांबवा. शिवाय मशीनच्या पोटात हो किंवा नाही असं काही नसतंच, तिथं असतो आकडा, किती जुळतंय त्याचा. अमुक आकड्याच्या वर हो आणि खाली नाही, ही रेघ माणूस मारतो. रेघ वर सरकवली तर तोतया आत यायचं कमी होतं पण खरा माणूस बाहेर राहायचं वाढतं, खाली आणली तर उलटं. दोन्ही चुका एकदम कमी होत नाहीत, मशीन तेच ठेवलं तर. मग कुठली चूक जास्त वाईट, एखाद्या तोतयानं हजार रुपये नेणं का एखाद्या खऱ्या म्हातारीचे चार महिने चुलीला जळण नसणं, हे कॉम्प्युटर सायन्स सांगू शकत नाही. हा नीतीचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर कुणीतरी आधीच देऊन टाकलंय, आपल्याला न विचारता.

आपल्या भागात तर यावर विचार करायला मोठी शिदोरी आहे. कोल्हापूर-सांगलीचा जैन समाज केवढा मोठा, आणि जैनांचा स्याद्वाद हेच सांगतो की कुठलंही विधान एका बाजूनं, एका अपेक्षेनंच खरं असतं, म्हणून प्रत्येक विधानाआधी 'स्यात्' लावा. आहे, नाही, आहे आणि नाही, सांगता येत नाही, असे मिळून सात प्रकार. ही नुसती पोथीतली गोष्ट नाही, आपल्या देशाच्या संख्याशास्त्राचा पाया घालणारे महालनोबीस यांनी १९५४ मध्ये आणि शास्त्रज्ञ हाल्डेन यांनी १९५७ मध्ये संभाव्यतेच्या संदर्भात स्याद्वादावर लेख लिहिलेत. आणि प्राकृत आणि जैन ग्रंथांचे एवढे मोठे अभ्यासक आ. ने. उपाध्ये आपल्या राजाराम कॉलेजात शिकवत होते! आजींच्या स्क्रीनवर "स्यात् जुळत नाही, माणसानं बघून ठरवा" असा एक तिसरा पर्याय असता तर चार महिने गेले असते का? परिषदेत यावर एकही पेपर नव्हता. यंत्राला जाणीव येईल का यावर मात्र बरेच होते. तो प्रश्न लहान आहे असं मी म्हणत नाही, मलाही रात्री झोप लागत नाही तेव्हा तो छळतो, पण यंत्राला मन आहे का हे तपासताना समोरच्या बाईला जीव आहे हे यंत्राला कोण पटवणार हेही कुणीतरी बघायला पाहिजे.

मशीन नकोच असं माझं म्हणणं नाही. पूर्वी हयातीच्या दाखल्यासाठी म्हाताऱ्या माणसांना बँकेत नाहीतर ऑफिसात हेलपाटे घालावे लागायचे, साहेब नसले की उद्या या, सहीला कुणी पैसे मागायचं. आज पुण्यात मुलाकडं असलेली आई तिथूनच दाखला देते. ज्यांचं जुळतं त्यांचं दोन मिनिटांत होतं आणि बहुतेकांचं जुळतंच. हे चांगलंच झालंय. प्रश्न फक्त न जुळणाऱ्यांचा आहे आणि माझ्या मते कुठल्याही व्यवस्थेची परीक्षा तिथंच होते.

समारोपात मी शेवटी माइक मागून घेतला आणि आजींची गोष्ट सांगायला लागलो. दोन मिनिटं झाली आणि सूत्रसंचालकांनी सांगितलं की कृपया प्रश्न इंग्रजीत आणि विषयाला धरून विचारावा, पाहुणे बाहेरचे आहेत. मी बसलो. पाहुणे तिघंच बाहेरचे होते, सभागृहात दोनशे माणसं मराठी. नंतर चहाच्या वेळी एक प्राध्यापक आपुलकीनं म्हणाले की या विषयात मराठी परिभाषाच नाही हो. मला हे पटत नाही. दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश आहे, वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला विश्वकोश आहे, आणि कॉम्प्युटरचे शब्द म्हणाल तर सर्व्हर, ओटीपी, मॅच, लिंक हे आजींनाही कळतात. प्रमाण, हेतू, उपाधी हे शब्द तर इंग्रजीत नेताना लंगडे होतात. मराठीत बोलायचं ठरवलं तर अडचण शब्दांची येणार नाही.

म्हणून आयोजकांना आणि आपल्या वर्तमानपत्रातून बाकीच्या कॉलेजांनाही माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या परिषदेत एक पूर्ण सत्र मराठीत ठेवा, एक अख्खी दुपार. त्यात दहा-दहा मिनिटांचे पेपर नकोत. एका बाजूला तत्त्वज्ञानाचे आणि कॉम्प्युटरचे प्राध्यापक बसू देत, दुसऱ्या बाजूला रेशन दुकानदार, सेंटरवाले, बँकेतली माणसं आणि ज्यांचं जुळत नाही ती माणसं. जुन्या पद्धतीनं वाद होऊ दे, न्यायदर्शनात वाद म्हणजे भांडण नाही, खरं काय ते दोघांनी मिळून शोधणं, जिंकण्यासाठी जे बोलतात त्याला ते जल्प म्हणायचे. कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरांना तिथं आवर्जून बसवा कारण उद्या ती रेघ कुठं मारायची ते हीच पोरं ठरवणार आहेत, आणि आज त्यांच्या अभ्यासात हेत्वाभास हा शब्द एकदाही येत नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली या गावात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते ज्ञान मोजक्या लोकांच्या हातात राहू नये म्हणूनच ना? त्याच गावात ज्ञानाविषयीच्या परिषदेत मराठी माणसाला प्रश्न विचारता येऊ नये याचं मला फार दुःख झालं.

आजींचं पुढं काय झालं ते सांगून थांबतो. बोट सोडून चेहऱ्यानं ओळख पटवायची सोय आता मोबाईलवर आलीय. दुकानात उजेड कमी पडत होता म्हणून मी आजींना बाहेर पायरीवर बसवलं, सकाळचं ऊन तोंडावर येईल असं. कॅमेरा समोरचा माणूस खरा आहे का फोटो हे बघायला पापणी हलवायला सांगतो. आजींच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्या टक लावून मोबाईलकडं बघत बसल्या, हलेनातच, दोनदा फेल गेलं. मग शेजारच्या दुकानातली पोरगी पुढं आली आणि म्हणाली, आजी, माझ्याकडं बघून डोळे मिचकावा की. त्या हसल्या, पापणी लवली, आणि स्क्रीनवर हिरवी खूण आली. पैसे पुढच्या महिन्यात जमा झाले, मागचे चार महिने अजून यायचेत, त्याचा अर्ज मी केलाय.

मराठी सत्र ठरलं तर मला कळवा. मी आजींना घेऊन येईन, त्यांना विचारलंय, त्या तयार आहेत.

आपला,
एक फॉर्म सेंटर चालवणारा वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर